पाहुण्यानं बसायचं कुठं?

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिला फोन इंटिरियरवाल्याला जातो. वास्तुशांतीचा मुहूर्त मग त्याच्या सोयीनं काढला जातो. आठ-दहा लाखांचं पॅकेज ठरतं. त्यात छताला फॉल्स सीलिंग, टीव्हीमागे लाकडी पट्ट्या, एल आकाराचा सोफा, स्वयंपाकघराला मुठी नसलेली गुळगुळीत कपाटं. इतका खर्च कशासाठी, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं : घरात पाऊल टाकल्याबरोबर प्रसन्न वाटलं पाहिजे, आल्यागेल्याला आपलेपणा वाटला पाहिजे. या अपेक्षेशी माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते तिच्यामागच्या गृहीतकाशी. आपलेपणा रंगसंगतीत असतो, तो पॅकेजमध्ये मिळतो आणि ज्याला पॅकेज परवडत नाही त्याचं घर भकास राहणार, हे गृहीतक साफ चुकीचं आहे. मी त्याही पुढं जाऊन म्हणते की या पॅकेजमधल्या बऱ्याच गोष्टी घरातली ऊब घालवतात. हे मी नुसतं चिडून म्हणत नाही, एकेक गोष्ट घेऊन सांगते.

आधी बसण्याचं बघू. नात्यातल्या एका वास्तुशांतीला गेले होते. हॉल देखणा होता, राखाडी रंगाचा सहा माणसांचा सोफा होता. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी बेजार झालेली आत्या दारातून आत आली, तिनं सोफ्याकडे एकदा पाहिलं आणि भाचेसुनेला हळूच विचारलं, "अगं, मी बसू कुठं?" त्या मुलीला प्रश्नच कळेना. सहा माणसांचा सोफा समोर रिकामा होता. पण तो जमिनीपासून जेमतेम 14 इंच उंच होता, बसलेलं माणूस आत रुतत होतं आणि उठताना जोर द्यायला कडेला हात नव्हते. एकदा बसलो की दोघांनी धरून उठवावं लागणार, हे आत्याला बघताक्षणी कळलं होतं. शेवटी आतून मुलाच्या अभ्यासाची खुर्ची आली. ती सोफ्यापुढं बरी दिसेना म्हणून कोपऱ्यात सरकवली गेली आणि आत्याही कोपऱ्यात गेली. जेवणं होईपर्यंत ती तिथंच होती. तिच्याशी बोलायचं तर मुद्दाम उठून जावं लागत होतं, आणि भरल्या घरात असं मुद्दाम उठून कितीजण जातात?

म्हाताऱ्या माणसाला साधारण 17-18 इंच उंचीची, टणक बैठकीची, हात असलेली खुर्ची लागते. पाय जमिनीला नीट टेकले, गुडघे कमरेच्या वर गेले नाहीत, दोन्ही हातांवर भार देता आला, की माणूस कुणाला हाक न मारता उठतो. अशी खुर्ची आपल्याकडे घरोघरी होती. वेतानं विणलेली, सागवानी, आजोबांची म्हणून ओळखली जाणारी. नव्या घरात जाताना तीच आधी भंगारात गेली, कारण ती थीममध्ये बसत नव्हती. मला या थीमचाच राग आहे. घराची थीम त्यात राहणारी आणि येणारी माणसं ठरवणार, की नमुन्यांची वही? वेत फाटला असेल तर आजही विणून मिळतो, सांधा हलत असेल तर सुतार पाचर ठोकून देतो. नव्या सोफ्याच्या एका उशीच्या पैशांत हे काम होतं. घर पाहुण्याला जवळ घेणारं हवं असेल तर घरी येणाऱ्या सगळ्यांत थकलेल्या माणसाला आपलं आपण बसता-उठता येईल अशी एक खुर्ची, आणि ती सगळे बसतात तिथंच हवी. शेजारी चष्मा, औषध, पाण्याचं भांडं ठेवायला तिपाई. दाराशी चपला काढायला एक स्टूल. एवढं झालं की निम्मं काम झालं. बाकी भिंतींना कुठला रंग द्यायचा तो द्या.

आता छत. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर, म्हणजे नऊ फूट असावी लागते. बिल्डर बहुधा तिच्या आसपासच थांबतो. त्यातले सहा-आठ इंच आपण आपणहून फॉल्स सीलिंगला देऊन टाकतो. पंख्याच्या पात्यांना वरून हवा ओढायला छतापासून मोकळी जागा लागते. ती राखायची तर पंखा डोक्याशी येतो, आणि डोकं वाचवायचं तर पंखा छताला चिकटतो, मग तो नुसताच फिरतो. वारा लागेना म्हणून एसी येतो, एसीसाठी खिडक्या बंद होतात आणि शेजारच्या घरातली हाक, खालच्या अंगणातला मुलांचा कालवा, भाजीवाल्याचा आवाज, सगळंच बाहेर राहतं. ही साखळी छतापासून सुरू होते, हे कुणी ग्राहकाला सांगत नाही.

त्या छतात दहा-बारा दिवे बसवलेले असतात, सगळे पांढरेशुभ्र. पांढऱ्या एलईडीच्या खोक्यावर बहुधा 6500 केल्विन लिहिलेलं असतं. भर दिवसाच्या आभाळाचा उजेड साधारण त्या जातीचा असतो. तोच रात्री नऊ वाजता डोक्यावर ओतला की शरीराला दिवस मावळल्याचं कळत नाही, झोप आणणारा मेलाटोनिन उशिरा स्रवतो, आणि समोरासमोर बसलेली माणसं एकमेकांना फिकट, थकलेली दिसतात. जुना पिवळा बल्ब 2700 केल्विनच्या आसपासचा होता. त्या रंगाचा एलईडी आज कुठल्याही दुकानात जवळपास त्याच किमतीला मिळतो, खोक्यावर 'वॉर्म व्हाइट' एवढं पाहून घ्यायचं. दिवेलागणीनंतर हॉलमधले छतातले दिवे बंद करावेत आणि बसल्यावर खांद्याच्या उंचीला येईल असा एखादाच पिवळा दिवा लावून बघावा. माणसं आपोआप त्याच्याभोवती सरकतात, आवाज खाली येतात. स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि वाचायच्या जागी मात्र भरपूर उजेड हवाच. साठीनंतर डोळ्यांना तरुणपणापेक्षा बराच जास्त प्रकाश लागतो, तेव्हा आजीच्या खुर्चीमागे वेगळा, जोरकस दिवा द्यावा. सगळीकडे सारखाच लख्ख उजेड ही दुकानाची गरज आहे, घराची नाही.

आवाजाबद्दल तर कुणी बोलतच नाही. व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेचं टेबल, सरकत्या काचा, गुळगुळीत पॅनेल असा सगळा कठीण माल एका खोलीत आला की आवाज जिरत नाही, आदळून परत येतो. चार माणसं एकदम बोलायला लागली की कुणाचंच धड ऐकू येत नाही. आधीच कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना त्या गलक्यात शब्द सुटे करता येत नाहीत, मग ते गप्प बसतात, आणि आपण म्हणतो हल्ली ते कशात मिसळत नाहीत. आवाज जिरवायला कापड लागतं, जाड सुती पडदे लागतात, पुस्तकांनी भरलेली फळी लागते. खाली सतरंजी लागते. दिवाणावर टाकायला सोलापुरी चादर पुरते, आणि गोधडी असेल तर उत्तमच. जुन्या साड्यांचे थर एकावर एक अंथरून, मधे धोतराचा मऊ तुकडा घालून, कडेपासून आतल्या बाजूला धावदोऱ्यानं टाके घालत आणलेली गोधडी किती काम करते बघा. ती आवाज शोषते, थंडीत पांघरता येते, बाळाच्या अंगाखाली अंथरता येते, आणि कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा यावर तासभर गप्पा होतात. ती लपवून पलंगाच्या पेटीत ठेवणारी आणि वर यंत्रावर विणलेला बाहेरदेशी थ्रो पसरणारी घरं मी पाहिली आहेत. मला ते बघवत नाही.

बाहेरदेशी म्हटल्यावर डेन्मार्कचं नाव घ्यायला हवं. गेल्या आठ-दहा वर्षांत घर उबदार करण्याचे बरेचसे धडे तिकडून आले. मेणबत्त्या, लोकरीची पांघरुणं, केसाळ गालिचे, उशांचे ढीग. डॅनिश लोकांनी हे उगाच केलेलं नाही. कोपनहेगनला डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो, दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, बाहेर ओली बोचरी थंडी. अशा ठिकाणी दाराखिडक्या लावून घेणं, ज्योतीभोवती बसणं, अंगावर लोकर ओढणं हा शहाणपणा आहे. त्यांनी आपल्या हवामानाशी इमान राखलं. आपण मात्र त्यांचा शहाणपणा घेण्याऐवजी त्यांचं सामान घेतलं. ठाण्या-मुंबईच्या जुलैमध्ये तो केसाळ गालिचा ओल धरतो, आठवड्यात कुबट वास सुटतो, आणि तो वास झाकायला सुगंधी मेणबत्ती लागते. नागपूरच्या मे महिन्यात 45 अंशांत मखमली उशा अंगाशी कोण घेणार? आपल्याकडं उन्हातून आलेल्या माणसाला आधी सावली, वारा आणि गार पाणी लागतं. माठ, उघडी खिडकी, वाळ्याचा पडदा, पायाला गार लागणारी फरशी, ही आपली सामग्री. सतरंजी झटकता येते, धुता येते, दोरीवर वाळत घालता येते. पावसाळ्यातल्या घराला एवढा गुण पुरेसा आहे.

इथं एक आक्षेप हमखास येतो : हे सगळं वाड्यात, बंगल्यात ठीक, साडेचारशे-पाचशे फुटांत माणसं राहायची की पाहुणे बसवायचे? या आक्षेपाला नीट उत्तर द्यायला हवं, कारण जागेची टंचाई खरी आहे.

मुंबईच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकात बांधल्या गेल्या. खोली 160 चौरस फुटांची. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या या खोल्यांतून तीन-तीन पिढ्या नांदल्या. गावाहून नोकरीसाठी आलेला पुतण्या, बाळंतपणाला आलेली लेक, परीक्षेसाठी आलेला भाचा, सगळे त्यातच मावले. मला त्या दिवसांचे गोडवे गायचे नाहीत. सामाईक संडासापुढची रांग, नवरा-बायकोला न मिळणारा एकांत, आजारी माणसाचे हाल, हे ज्यांनी सोसलं त्यांना मोठं घर मिळायलाच हवं. पुनर्विकासात त्यांतल्या अनेकांना 500 चौरस फुटांचं घर मिळतंय ही न्यायाचीच गोष्ट आहे. पण त्या खोल्या माणसं सामावून घेऊ शकल्या त्याची कारणं भाबडी नाहीत, ती बांधणीत आणि सामानात आहेत. एक म्हणजे दाराबाहेर सामाईक व्हरांडा होता, तिथं पाय मोकळे करता येत, चार शब्द बोलता येत. दुसरं म्हणजे खोलीतल्या बहुतेक वस्तू हलणाऱ्या होत्या. अंथरूण गुंडाळलं की झोपायची जागा बसायची होई, पाट मांडले की जेवायची होई, पाट उचलले की मुलं अभ्यासाला बसत. आज 500 फुटांच्या घरात आपण भिंतीत ठोकलेलं, जागचं न हलणारं सामान भरतो. एल आकाराचा सोफा हॉलचा तिसरा हिस्सा खातो आणि तो दुसऱ्या कशालाच उपयोगी नसतो. मग जागा नाही म्हणून माणसं टाळतो. लहान घराला दिवाण हवा, एकावर एक चढणारी स्टुलं हवीत, घडीचं टेबल हवं, भिंतीला टेकवलेली गादी हवी. मुक्कामाला माणूस आलं तर रात्री काय अंथरायचं हे आधीच ठरलेलं हवं.

व्हरांड्याचं काय झालं, तेही पाहिलं पाहिजे. ओसरी, पडवी, सोपा, गोव्याच्या घरांपुढचे बलकांव, या सगळ्या जागा घर आणि रस्ता यांच्या मधल्या. आत न येता टेकता येईल, चहा न घेता उठता येईल अशा. चार्ल्स कोरियांनी कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत ही जुनी युक्ती अठ्ठावीस मजल्यांपर्यंत नेली. 1983 मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीतल्या 32 घरांना दुमजली उंचीचे सज्जे आहेत. ते पश्चिमेचं ऊन आणि पाऊस अडवतात आणि समुद्राचा वारा आत घेतात. ती श्रीमंतांची घरं, हे मान्य. पण तत्त्व श्रीमंतीचं नाही. साध्या इमारतीतल्या चार फुटी बाल्कनीलाही ते लागू पडतं. आपण काय केलं? बाल्कनीला काचा लावून ती हॉलमध्ये ओढली. मुंबईत पूर्वी ठरावीक प्रमाणात बाल्कनी एफएसआयमध्ये, म्हणजे परवानगीच्या बांधकाम क्षेत्रात, मोजली जात नसे, आणि अधिमूल्य भरून ती बंदिस्तही करता येई. 2012 च्या दुरुस्तीनं ती मोजली जाऊ लागली. मग बिल्डरांना तिच्यात राम वाटेना, तेवढी जागा खोलीच्या नावानं विकणं सोयीचं झालं. दोन्ही वेळा गेली ती बाल्कनीच. ज्यांच्याकडे अजून उघडी बाल्कनी आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : वॉशिंग मशीन आणि रद्दी तिथून हलवा, दोन मोडे टाका. आलेला माणूस तिथं अर्धा तास जास्त बसेल.

आणखी एक आक्षेप राहिला, आणि बाकी सगळ्यांपेक्षा मी त्यालाच मान देते, कारण तो बायकांचा आहे. "आल्यागेल्याचं घर" ही प्रतिष्ठा कुणाच्या कमरेवर उभी होती? पाहुणा ओसरीवर ऐसपैस बसायचा, आणि आत चुलीपुढं एक बाई दिवसातून पंधरा वेळा चहाचं आधण ठेवायची. तिला तो पाहुणा धड दिसायचाही नाही. आता ती नोकरी करते, दमून येते, आणि तिनं दार लावून घेतलं तर तिला माणूसघाणी म्हणायचा अधिकार कुणाला नाही. हे जुनं दुखणं आहे असंही नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष 97. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात शंभरातले 26 होते.

हा आक्षेप खरा आहे, पण त्यावरचा उपाय दार लावून घेणं हा नाही. ओझं वाटून घेणं हा आहे, आणि त्यात घराच्या मांडणीचा मोठा हात असतो. मुठी नसलेल्या, एकसारख्या पंचवीस झडपांच्या स्वयंपाकघरात चहापत्ती कुठं, साखर कुठं, हे एकाच माणसाला ठाऊक असतं. बाकीचे तिला हाका मारतात : "अगं, गाळणी कुठंय?" याउलट चहाचं सामान एका उघड्या फळीवर, काचेच्या बरण्यांत, कप खालच्या आकड्यांना टांगलेले, पाण्याचा माठ आणि भांडी हॉलमध्येच, असं असेल तर नवरा, मुलगा, सासरे, खुद्द पाहुणाही उठून चहा टाकू शकतो. पाहुण्याला काम सांगणं हा अपमान नाही. ज्या घरात मला लसूण सोलायला दिला जातो त्या घरात मी पुन्हा जाते. पदार्थांची संख्याही कमी करा. पोहे, पिठलं-भात, नाहीतर नुसता चहा आणि घरातला लाडू एवढ्यावर माणसं तृप्त होतात. चार भाज्यांचा आग्रह बहुतेक वेळा यजमानांच्या प्रतिष्ठेसाठी असतो.

आणि एक प्रश्न मी प्रत्येक सजवलेल्या घरात मनातल्या मनात विचारते : या घरातल्या बाईची बसायची जागा कुठली? नवऱ्याची टीव्हीसमोरची ठरलेली असते, मुलाचं टेबल असतं, सासऱ्यांची खुर्ची असते. ती मात्र जेवणाच्या टेबलाच्या कडेला, अर्धी बसलेली, हाक आली की उठायच्या तयारीत. लाखो रुपये ओतून तिच्यासाठी खिडकीशी एक आरामखुर्ची येत नसेल तर त्या घराला उबदार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. स्वयंपाकघरात ओट्याजवळ एक उंच स्टूल ठेवा, म्हणजे काम करणाऱ्याशी गप्पा मारायला कुणीतरी येऊन बसेल आणि काम करणाराही मधे टेकेल.

राहता राहिली भाड्याची घरं. अकरा महिन्यांचा करार, खिळा ठोकायला मनाई, भिंतीचा रंग बदलायला मनाई, त्यामुळं "हे काय आपलं घर आहे?" म्हणत माणसं वर्षानुवर्षं खोकी न उघडता राहतात. नोकरीसाठी पुण्यात, बंगळूरला, नाहीतर परदेशात गेलेल्या तरुण जोडप्यांत मी हे सारखं बघते. स्वतःचा फ्लॅट होईल तेव्हा घर करू, म्हणून तिशीतली चांगली दहा वर्षं ती वाट पाहण्यात जातात. वर सांगितलेल्यातलं भाड्याच्या घरात न करता येणारं फारच थोडं आहे. पिवळा बल्ब, सतरंजी, माठ, हातांची खुर्ची, दाराशी स्टूल, चहाची फळी हे सगळं टेम्पोत घालून पुढच्या घरी नेता येतं. बिऱ्हाड हलवलं की पहिल्या संध्याकाळी बल्ब बदलावेत, सतरंजी उलगडावी आणि जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांना रविवारी चहाला बोलवावं. खोकी तोवर भिंतीशी रचलेली राहिली तरी चालतील.